भिंत बंद होण्याआधी

गॅस कंपनीच्या पाकिटाची मागची बाजू कोरी होती.
तिच्यावर लिहायला घेतलं:
एक, तोडफोड.
मग खोडलं. त्याच्याही आधी
पाणी कुठून बंद होतं ते शोधायला हवं.
अठ्ठावीस वर्षं या घरात,
स्विंडनचं जड पाणी पीत, किटलीतला चुना खरवडत,
आणि मुख्य कॉक निघाला जिन्याखाली, व्हॅक्यूमच्या मागे,
जुन्या रंगानं घट्ट बसलेला.

कॅलम म्हणतो, कमोड सगळ्यात शेवटी काढू
आणि जमेल तितक्या लवकर बसवू. मधल्या दोन रात्रींसाठी
शेजारच्या मॉरीननं किल्ली दिली आहे,
जिन्यावरचा दिवा चालू ठेवते म्हणाली.
पण दिगंबरला रात्री तीन वाजता
दुसऱ्याच्या घरात कसं न्यायचं?
हे कुठल्या आकड्यापुढे लिहू?

टब निघणार. प्लास्टर निघणार.
आतले पाइप, आतल्या वायरी, पंख्याचं भोक,
मग बोर्ड, मग पाणी न झिरपू देणारा तो निळा लेप,
लेप वाळेपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही,
मग टाइल्स, मग त्यांच्या फटी,
सिलिकॉन सगळ्यात शेवटी.
क्रम चुकला की वरातीमागून घोडं,
मी म्हटलं, आणि कॅलमला समजावताना
घोडं, नवरदेव, बँडवाले सगळे येऊन गेले.
चहा गार झाला.

दुसरा एक क्रम मी लिहिलाय, जाड पेननं,
आरशाशेजारी चिकटवलाय.
सदरा काढ. शॉवर सुरू कर. हात लावून बघ.
साबण. पाणी. अंग पुस.
परवा तो अंग पुसून झाल्यावर
साबण लावत उभा होता, कोरड्या अंगाला,
मन लावून, कोपरांच्या मागेसुद्धा.
वाफेनं शाई ओघळली की मी नवा कागद लावते.
तो वाचतो, मोठ्यानं, स्वच्छ उच्चारात,
आणि तसाच उभा राहतो.

गेल्या महिन्यात बॉयलर बंद पडला
तेव्हा किटल्याच्या किटल्या तापवून
बादली भरून दिली, तांब्या दिला.
टबच्या काठावर बसून
पहिला तांब्या पायांवर, दुसरा खांद्यावर,
काही न विचारता आंघोळ करून बाहेर आला.
केस विंचरून.

म्हणून एक नळ हवाय गुडघ्याएवढ्या उंचीवर.
कॅलमनं विचारलं, कुत्रं आहे का तुमच्याकडे?
मी म्हटलं, बादली. तो म्हणाला, बादली?
टाइल्सवाला साबिनो मागे उभा होता,
मूळचा कुंकळ्ळीचा. त्यानं मधेच टेप ओढली,
भिंतीवर पेन्सिलनं फुली मारली आणि
माझ्याकडे वळून म्हणाला, न्हाणी म्हणा ना, बाई.

न्हाणी.
किती वर्षांनी हा शब्द जिना चढून वर आला.

पाइप आज घातला. उद्या बोर्ड, म्हणजे भिंत बंद.
नंतर आठवलं तर टाइल्स फोडाव्या लागतील,
कॅलमनं तीनदा बजावलंय,
जे सांगायचं ते आत्ता सांगा.
मी पाकीट पुन्हा वाचलं. धरायला दांडी, तिच्यामागे लाकूड.
दार बाहेर उघडणारं. सीट निळी,
पांढऱ्यावर पांढरं त्याला दिसेनासं झालंय.
अजून काहीतरी राहिलंय सांगायचं.
कॅलमला नव्हे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर दिगंबर वर आला,
धुळीतून, अनवाणी.
टोपण लावलेली नळी तेवढी बाहेर डोकावत होती.
तिच्यापुढे उकिडवा बसला,
हवेतच नळ फिरवला,
खाली बोटं धरली,
आणि म्हणाला, थांब जरा, अजून गारच येतंय.

मी थांबले.
टाइल्सचा रंग अजून ठरायचाय.